आधी वाजलेली घंटा

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर एवढी गर्दी लोटली होती, की आजाऱ्याला आत शिरायला जागा नव्हती आणि बऱ्या झालेल्याला बाहेर पडायला. सगळ्यांना बघायची होती कोपऱ्यातल्या खाटेची घंटा. रुग्णाचं हृदय बंद पडायच्या अर्धा मिनिट आधी ती वाजली होती! नर्सच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरात तशी नोंदच होती, आणि कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?

घंटा दाबणारी बाई भिंतीला टेकून उभी होती. शिवणकाम करून घर चालवणारी. गेला तो तिचा नवरा. लोक तिचा अंगठा कपाळाला लावत होते आणि तिला वाटत होतं, हा हात दुसऱ्याच कुणाचा तरी आहे.

"भक्तहो!" स्टुलावर चढून घंटामहाराज गरजले. परवापरवापर्यंत हे गृहस्थ विमा विकत, त्यामुळे मरणाशी ओळख जुनी. "या माउलीच्या अंगठ्याला मृत्यूची चाहूल लागली! तीच शक्ती मी या बटणांत भरलीय. उशाशी लावा!"

"विजेवर चालतं का?" मागून कुणीतरी विचारलं.

"श्रद्धेवर! आणि दोन सेलवर."

सासूबाई मात्र हात जोडत नव्हत्या. "तुला आधी कळलं होतं," त्या पुन्हा म्हणाल्या, "मग ओरडली का नाहीस गं? माझं लेकरू वाचलं असतं."

तिला आठवत होतं ते एवढंच: पडद्यावरची रेघ सपाट झाली आणि तिने बटण दाबलं. पण नोंद उलटं सांगत होती. आता आठवणीवरही भरवसा उरला नव्हता. रडूसुद्धा येत नव्हतं.

"सरका जरा." इस्पितळातल्या कॉम्प्युटरवाल्या ताई गर्दीतून वाट काढत आल्या.

"ताई, चमत्कार झालाय!"

"तोच दुरुस्त करायला आलेय. महाराज, बोट द्या."

महाराजांनी खुशीत बोट दिलं. खाटेवरच्या यंत्राचा चिमटा बोटाला लागला, पडद्यावर रेघ नाचू लागली. ताईंनी चिमटा काढला, रेघ सपाट झाली. मग सगळ्यांदेखत त्यांनी घंटा दाबली. नोंद उमटली: घंटा आधी, हृदय बंद नंतर.

"बघा. महाराज वारले, आणि घंटा त्याआधीच वाजली."

"महाराज, तिकडे हवापाणी कसं आहे?" मघाचाच आवाज आला.

"या कॉम्प्युटरला नेटवर्कच्या दोन तारा येतात, दोन वेगळ्या कार्डांत," ताई म्हणाल्या. "घंटा येते जुन्या कार्डातून. ते कॉम्प्युटरच्या घड्याळाची वेळ लावतं. हृदयाची रेघ येते नव्या कार्डातून. त्याच्या पोटात स्वतःचं घड्याळ आहे, फार काटेकोर. पण ते अणुघड्याळाची वेळ धरतं, आणि ती आपल्या भिंतीवरच्या वेळेपेक्षा सदतीस सेकंद पुढे असते. तो फरक वजा कर, असं त्याला सांगावं लागतं. कार्ड मीच बसवलं, आणि सांगायला विसरले. म्हणून हृदय जेव्हा थांबलं, त्याच्या सदतीस सेकंद नंतरची वेळ लागली."

त्यांनी एक ओळ टाइप केली. पुन्हा चिमटा, पुन्हा घंटा. या वेळी हृदय आधी, घंटा नंतर. महाराज तिसऱ्यांदा मरायला थांबले नाहीत. बटणांची पिशवी काखेत मारून जिन्याने पसार झाले.

भिंतीपाशी उभी असलेली बाई पहिल्यांदाच बोलली. "मग मी किती उशीर केला?"

ताईंनी नोंदीतला चौतीस सेकंदांचा फरक सदतीसातून वजा केला. "तीन सेकंद. बघायला, कळायला आणि हात उठायला. याहून लवकर कुणाच्या बापाला जमत नाही."

मंडळी, होणारं कुठे आधीच लिहिलेलं दिसलं, तर पाया पडण्याआधी लिहिणाऱ्याचं घड्याळ तपासा. नाहीतर चमत्काराचा हार पडतो एकाच्या गळ्यात आणि फास बसतो दुसऱ्याच्या.

सासूबाई रिकाम्या स्टुलावर बसल्या. मग त्यांनी सुनेचा अंगठा हातात घेतला.

"गार पडलाय गं," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही तळव्यांत धरून चोळू लागल्या.