दुसऱ्याच्या खिशातला पंप

तुम्ही मला पंप म्हणता, तर मीही तेच म्हणतो. चाकात हवा भरणारा तो लांबलचक पंप वेगळा. मी मुठीत मावणारा, निळा, दम्याचा. आत औषधाची छोटी डबी, तोंडावर टोपण. दाबलं की एक फवारा निघतो आणि आवळलेली छाती सैल होते. एवढंच माझं काम.

रामदासपेठेतल्या औषधाच्या दुकानातून गार्गीने मला घेतलं, तेव्हा ती हसत होती. तिला लहानपणापासून दमा. धूळ सोसायची नाही, आणि गाजर गवत तर मुळीच नाही. ते फुललं की डोळे सुजायचे, छातीत शिट्टी वाजायची. शाळेत असताना तिला कोणी कधी पळू दिलं नव्हतं. आणि त्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "सायकल चालवा ना! निघण्याआधी पंप घ्या, तोंडाला रुमाल बांधा. फक्त हा खिशात नसेल तर फाटकाबाहेर पडू नका."

तेव्हापासून मी तिच्या जर्सीच्या पाठीमागच्या खिशात राहायला गेलो. आधी घराभोवतीच्या, बेसाच्या गल्ल्या, मग रिंग रोड, मग त्याच्याही पुढे. घामेजल्या पाठीला टेकून मी तिचा श्वास ऐकायचो. चढावर तो वाढायचा, पण तुटायचा नाही. कित्येकदा रस्त्यात माझी गरजच पडायची नाही. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. नुसतं खिशात असणं हेही माझं कामच.

तिचा नवरा जितेंद्र सायकल ग्रुपचा कॅप्टन. माणूस उमदा, बोलायला गोड. पण मला पाहिलं की तोंड वाकडं करायचा. "आदत लागली तुले याची. दमा छातीत नसते वं, डोक्यात असते." चारचौघांत म्हणायचा, "आमची मॅडम बॅटरीवर चालते!" सगळे हसायचे. गार्गीही हसायची. हसताना तिची पाठ ताठ व्हायची, ते मला कळायचं.

पावसाळा सरता सरता उमरेड रोडला राइड ठरली. टपरीवर चहा झाला. गार्गी तोंडावर पाणी मारायला वाकली आणि जितेंद्रने मला अलगद काढून स्वतःच्या खिशात टाकलं. तिला पत्ताही लागला नाही.

पुढे चढ होता. जितेंद्र सर्वांच्या आधी वर पोचला आणि मोबाइलवर व्हिडिओ काढत बोलू लागला, "दोस्तहो, आज माझी बायको पंपाशिवाय हा चढ चढून राहिली. अन् तिले हे माहीतच नाही!"

खाली रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाजर गवत पांढरं फुललेलं. त्यात मुरमाचा एक टिप्पर धुरळा उडवत गेला. गार्गी सायकलवरून उतरली. तिचा हात पाठीच्या खिशाकडे गेला, मग दुसऱ्या खिशाकडे. मग ती खालीच बसली.

"ऊठ वं!" जितेंद्र वरून ओरडला. मोबाइल तसाच धरलेला. "थोडंसंच राहिलं! मनाचे खेळ आहेत सारे!"

तिने नुसता हात वर केला. जितेंद्र आणि त्याच्या खिशातला मी, आम्ही उतरून जवळ गेलो तेव्हा तिच्या छातीतली शिट्टी मला ऐकू येत होती. मग ती शिट्टी थांबली. तुम्हाला वाटेल, बरं झालं. तसं नसतं. हवा जायला जागाच उरत नाही, तेव्हा शिट्टी थांबते.

मागून येणारा दुर्गेश, ग्रुपमधलाच, सायकल टाकून धावला. "जितूभाऊ, वहिनीचा पंप कुठे आहे?"

जितेंद्रचा हात खिशात आला. बोटं माझ्याभोवती मिटली. मी म्हटलं, चला, सुटलो! तेवढ्यात बाकीचे येऊन भोवती उभे राहिले. सगळे त्याच्याकडे बघत होते. बोटं सुटली. हात रिकामाच बाहेर गेला.

"घरीच विसरली असेल," तो म्हणाला.

दुर्गेशने रस्त्यात आडवं होऊन एक कार थांबवली. त्याच कारमध्ये मीही होतो. तिचं डोकं जितेंद्रच्या मांडीवर, ओठ निळे पडलेले, आणि तिच्या कानापासून वीतभर अंतरावर, खिशात, औषधाने भरलेला मी.

ती वाचली. संध्याकाळी ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाली, "मी ठेवला होता हो खिशात. टपरीपर्यंत तर होता."

"होता तर गेला कुठे? काय हालत झाली माझी, माहीत आहे तुले?" आणि तो खरंच रडू लागला.

गार्गीने त्याचे डोळे पुसले. "चुकलं माझं," ती म्हणाली.

आता मी त्याच्या हत्यारांच्या पेटीत तळाशी आहे, जुन्या ट्यूबांखाली. तिची सायकल त्याने कोणाला तरी देऊन टाकली. नवा पंप आणला, तो त्याच्याच खिशात असतो. "विसरते ना ती," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. नवरा असावा तर असा, म्हणतात लोक.

कोणी पंक्चर काढायला ही पेटी उघडलीच, तर मला गार्गीकडे न्या. माझं औषध आता जुनं झालं असेल, ते देऊ नका. मी कुठे सापडलो, तेवढं सांगा.

आज सकाळपासून तिच्या छातीत पुन्हा शिट्टी वाजते आहे. आत्ताच तिचा आवाज आला, "अहो, पंप देता का?"

"देतो ना," जितेंद्र म्हणाला. "आधी जरा थांबून पाहू. खरंच लागते का."