दोनशे दहा

चिदंबररावांनी पाणी तापवायचा रॉड बादलीत सोडला, त्याची पिन अमीटर बसवलेल्या लाकडी बोर्डात खोचली आणि बटण दाबलं. काटा चारवर जाऊन थांबला. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात हॉलच्या मधोमध प्लास्टिकची बादली मांडणारं घर अख्ख्या म्हैसुरात एकच असावं, आणि या घराला त्याचा अभिमान होता. म्हणजे चिदंबररावांना होता. बाकीच्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"पाण्यात हात घालू नका," ते पाहुण्यांना म्हणाले. "करंट चार अँपिअर. रॉडचा रेझिस्टन्स किती, पॉवर किती? सांगा बघू."

मुलगी बघायला आलेल्या शशांकच्या हातात केसरीबातची, म्हणजे गोड शिऱ्याची, बशी होती. तो कृष्णराजनगरच्या एका कॉलेजात अकाउंट्स शिकवायचा. कॉमर्स हा शब्द चिदंबरराव चपलेला काही लागल्यासारखा उच्चारत. शशांकची आई, वनजाबाई, आधी बादलीकडे आणि मग वेदवतीबाईंकडे बघत राहिल्या. वेदवतीबाईंनी नवऱ्याऐवजी खिडकीकडे पाहिलं.

पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यावर विद्यार्थी संपले, म्हणून चिदंबररावांनी जावयाच्या उमेदवारांना धरलं होतं. या बादलीपुढे एकानं खिशातून मोबाइल काढला होता, एकानं ओहमच्या जागी वॅट म्हटलं होतं, आणि बेळगोळच्या कारखान्यातल्या एका इंजिनिअरची आई अर्ध्या कॉफीवरून उठून गेली होती. ज्यांना सूत्र येत होतं ते पुढच्या खड्ड्यात पडले. चिदंबररावांनी एकदा नाही म्हटलं की त्या घराकडून पुन्हा फोन येत नसे. त्यांच्या मुलीची, हरिणीची, तिशी मागे पडली, तिनं शाळेत शिकवलेली पहिली मुलं स्वतः शिक्षक झाली, आणि नातेवाईक हळहळत, बापाच्या हट्टापायी पोरगी बसली.

त्या दिवशी सकाळी नारळ खवताना हरिणी आईला म्हणाली होती,

"अम्मा, आज येणाऱ्याचा फोटो बघितलाय. हा मला पायजे."

"अप्पांना सांग की."

"अप्पांना सांगून काय होतं?"

वेदवतीबाईंनी नारळाची दुसरी कवड तिच्यापुढे सरकवली.

शशांकनं बशी खाली ठेवली. बोटानं मांडीवर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

"दोनशे तीस भागिले चार. साडेसत्तावन्न ओहम. आणि पॉवर दोनशे तीस गुणिले चार, नऊशे वीस वॅट."

वनजाबाईंचा चेहरा उजळला. चिदंबररावही हसले. ते हसू हरिणीच्या ओळखीचं होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"दोनशे तीस कुठनं आणलंत?"

"सगळीकडं तेवढंच असतं ना, सर?"

"हेच! पालथ्या घड्यावर पाणी." चिदंबररावांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं काळ्या चौकटीचा जुना व्होल्टमीटर होता, घरच्या लाइनला कायमचा जोडलेला. "डोळे देवानं कशाला दिलेत? किती आहे?"

"दोनशे दहा."

"दोनशे दहा! आमच्या रस्त्याला दोनशे तीस कधी आलंच नाही. लाइनमन म्हणतो, सार, सगळं सरी, ठीक आहे. त्या गाढवाला काय कळतंय? रेझिस्टन्स साडेबावन्न, पॉवर आठशे चाळीस. समोरचा काटा बघायच्या आधी पुस्तकातलं बोलतो, तो माणूस संसारात काय बघणार? कॉमर्स, अल्वा? कॉमर्सच ना?"

दुसऱ्याचं वाकून बघण्यात एवढा आनंद क्वचितच कोणाला होत असेल. शशांकचे कान लाल झाले. वनजाबाईंनी पर्स मांडीवर घेतली.

"कॉफी आणते," हरिणी म्हणाली आणि आत गेली.

पंखा मंदावला, दोन-तीन फेऱ्या नुसत्याच फिरला आणि थांबला.

"गेलं करंट," वेदवतीबाई सवयीनं म्हणाल्या.

अमीटरचा काटा शून्यावर पडला. रॉडभोवतीची पाण्याची गुणगुण बंद झाली. शेजारच्या घरात ग्राइंडर डोशाचं पीठ वाटत होता, तो मात्र घरघरत राहिला. चिदंबररावांनी त्रासून वर पाहिलं, लाइनमनला शिवी द्यायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

भिंतीवरचा काटा दोनशे दहावर होता.

शशांकनंही तो पाहिला होता. त्यानं नजर खाली वळवली आणि बशीतला शेवटचा काजू खाल्ला. चिदंबररावांनी उठून मीटरच्या काचेवर टिचकी मारली. मग जोरात मारली. काटा हलला नाही. एवढ्या लोकांना ज्या आकड्यावर नापास केलं, तो एका गंजक्या काट्याचा होता! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हरिणी चार लोटे घेऊन आली. शेजारचा ग्राइंडर अजून चालूच होता.

"करंट गेलं नाही," चिदंबरराव सावकाश म्हणाले. "मेन स्विच बंद केलास?"

"हौदु, अप्पा. मीच केला."

"काटा अडकलाय, हे तुला ठाऊक होतं?"

"मीटर मीच पुसते की. मागंच कळलं. तो बेळगोळचा आला होता, त्याच्याही आधी."

"आणि इतकी माणसं गेली तरी गप्प बसलीस? लोक मला नावं ठेवत होते, हरिणी! काय म्हणून नाही सांगितलंस?"

हरिणीनं त्यांच्या पुढ्यात लोटा ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वेदवतीबाईंना सोसवेना.

"त्यातलं मला कोणी नको होतं, अप्पा. मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

चिदंबरराव बादलीकडे बघत खाली बसले.

शशांकनं तिच्याकडे आता पहिल्यांदा नीट पाहिलं. मग तिनं पुढे केलेला लोटा दोन्ही हातांनी, जरा जपूनच घेतला.