फडक्याची गाठ

“फडकं आखो घट्ट बांध, सुगंधा,” धनकंवर शेठाणी दारातूनच म्हणाल्या. “कानमा वारा शिरना व्हई.”

सुगंधाबाईने बाळंतिणीच्या डोक्याचं फडकं जोर लावून आवळलं. शहाद्यातल्या निम्म्या व्यापाऱ्यांची बाळं तिच्या पायांवर न्हायलेली. तिने मारलेली गाठ हलत नसे, आणि त्याची तिला घमेंड होती, खोटं कशाला बोला!

“बाई, मन्हं डोकं फुटी ऱ्हायनं,” रिद्धी कण्हली. बाळ सहा दिवसांचं असताना तिच्या डोक्यात एकाएकी भयंकर कळ उठली, ती आज नवव्या दिवशीही थांबली नव्हती. हे तीन दिवस सुगंधाबाई रोज गाठ जास्तच आवळत होती.

“ले, धर तुन्हा पोऱ्याले,” म्हणत तिने न्हाऊ घातलेलं बाळ पुढे केलं. रिद्धीने दोन्ही हात पसरले, पण बाळापासून वीतभर बाजूला. तिथे काहीच नव्हतं, तरी तिने हात छातीशी घेतले.

सुगंधाबाईने बाळ झटकन मागे घेतलं.

“शेठाणी, हाऊ वारा नही शे. गाडी काढाले सांगा.”

“विहीर पुजानं बाकी शे. तोपावत बहूले उंबरा वलांडू देत नहीत आमनामा.”

“जीव ऱ्हायना त पूजन व्हई ना!”

चाळीस वर्षांत त्या घरात तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. शेठाणी काही बोलणार, तोच रिद्धीला झटका आला. मग उंबरा कुणाला आठवला नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर एखादीच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. उशीर झालाय, ताबडतोब धुळ्याला न्या. सुगंधाबाईच्या मुठीत सोडलेलं फडकं होतं.

“मीच बांधं हाई. मन्ही गाठमुयेच व्हयनं का?”

“गाठीनं काही झालं नाही, मावशी. पण तीन दिवस गेले, ते गेले.”

हे ऐकून तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौथ्या दिवशी रिद्धीला धुळ्याहून आणलं. अंगणातूनच पुढे स्मशानात नेलं.

दुसऱ्या सकाळी सुगंधाबाई न बोलावता आली. शेठाणींनी बाळ तिच्या पायांवर ठेवलं. न्हाऊ घालून तिने त्याला पुसलं. शेठाणींनी सवयीने डोक्याला बांधायचं फडकं पुढे केलं. सुगंधाबाईने ते त्या चिमुकल्या डोक्याभोवती गुंडाळलं खरं, पण गाठ मारायला बोटं वळेनात. बाळ झोपेपर्यंत ती फडक्याची दोन्ही टोकं हातात धरून बसून राहिली.