आत्याच्या डोक्यातली घडी

आमच्या लॉन्ड्रीत आत्यानं बँडमास्तरांचा पांढरा शर्ट जाळला, तेव्हा वास सगळ्यांना आला. शेजारच्या चष्म्याच्या दुकानातले काका नाक धरून बाहेर आले. फक्त आत्याला आला नाही, आणि इस्त्री तिच्याच हातात होती.

"एवढा धूर कसला झालाय?" तिनं चौकशी केली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लॉन्ड्री तिनं उभी केली, बाबांना तिनंच हाताखाली घेतलं आणि अजून वर येऊ दिलेलं नाही. गेले काही महिने तिचा उजवा हात बसल्या बसल्या थरथरत होता. त्यात आता नाक. बाबांनी तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत मला घेतलं, कारण हल्ली मी वर्गात हात वर करते आणि ही बातमी घरभर पसरली आहे. पसरवली मीच.

डॉक्टरांनी आत्याला चालायला लावलं, चुटक्या वाजवायला लावल्या आणि पार्किन्सन्स असल्याचं सांगितलं. मी हात वर केला.

"का होतो?"

डॉक्टर खूश झाले. त्यांना बहुतेक हे कुणी विचारत नसावं. "आपल्या सगळ्यांच्या मेंदूत अल्फा-सिन्यूक्लिन नावाचं प्रथिन असतं. एका पेशीचा निरोप दुसरीकडे जायला ते मदत करतं. या आजारात ते चुकीचं दुमडतं, त्याची घडी चुकते. एकाची चुकली की ते शेजारच्यालाही बिघडवतं. मग त्यांच्या गुठळ्या होतात आणि हालचाल सांभाळणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. वास ओळखणाऱ्या भागात तर या गुठळ्या बऱ्याचदा आधीच झालेल्या असतात."

आत्या इतका वेळ भिंतीकडे बघत होती. ती एकदम सरळ बसली.

"घडी चुकते? माझ्या डोक्यात?"

"हो."

"कुणी घातली?"

"कुणी घालत नाही. आपोआप होतं."

"तरीच."

मग तिनं विचारलं, "आणि गुठळ्या गाळून घेत नाहीत का? आम्ही कपड्यांची खळ फडक्यातून गाळतो."

"तसं फडकं अजून सापडलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "शोध चालू आहे. या गोळ्यांनी हालचाल सुधारेल, पण घडी सुधारणार नाही. आणि हात निवांत असला की जास्त थरथरेल, त्याला घाबरू नका."

शेवटचं वाक्य बाबांनी ऐकलं नाही. ते घाबरण्यात गुंतले होते.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "ताई, उद्यापासून इस्त्री बंद. हात बघ तुझा. तू आता आराम कर."

"आराम करून काय करू, छोट्या? गुठळ्या वळत बसू?"

पण दुसऱ्या दिवशी ती खरंच खाली दुकानात गेली नाही. मी शाळेतून आले तर आई दारातच कुजबुजली, "जरा वन्संकडे बघ गं. मला तर काही सुचेना."

आत्या खुर्चीत ताठ बसली होती. डोक्यावर ओला टॉवेल, त्यावर गरम पाण्याची पिशवी, आणि पिशवीवर दाबून धरलेला डावा हात.

"आत्या, हे काय?"

"घडी काढतेय. पाणी मारायचं, गरम दाबायचं. चुकीची घडी आणखी कशानं जाते?"

मी तिच्यासमोर बसले. आमच्या विज्ञानाच्या बाईंना हे कसं समजावता आलं असतं कोण जाणे, मला मात्र लगेच सुचलं. "आत्या, ती सुती कापडावरची घडी नाहीये. पॉलिस्टरवर जास्त गरम इस्त्री फिरली की पडते ना, तसली आहे."

आत्यानं विचार केला. पिशवी खाली ठेवली.

"मग नाही जायची."

"नाही."

तिनं डोक्यावरचा टॉवेल काढला आणि घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून. ओल्या टॉवेलाची! मी बघत राहिले. घडी घालताना तिचा उजवा हात अगदी शहाण्यासारखा वागला. टॉवेल बाजूला ठेवून हात मांडीवर आला आणि पुन्हा थरथर सुरू.

मी धाडधाड जिना उतरून दुकानात गेले.

"बाबा, शर्ट हातानं जळला नाही. नाकानं जळला."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"हात कामात असला की गप्प बसतो! डॉक्टर बोलले होते. तिला आराम नकोय, तिला नाक हवंय. शाळेनंतर माझं, सकाळी आईचं."

"माझ्या नाकाला विचारलंस का?" जिन्यातून आईचा आवाज आला. तिच्यामागे आत्या होती.

नेमके तेव्हाच बँडमास्तर आले. हातात नवा पांढरा शर्ट. "संध्याकाळी वाजवायचंय," ते म्हणाले. "जरा जपून. याच्यानंतर माझ्याकडे बनियनच आहे."

बाबांनी शर्टाकडे बघितलं, मग आत्याकडे. "ठीक आहे. हा एक शर्ट, माझ्यासमोर. डाग पडला तर इस्त्री माझी, आणि परत हा विषय काढायचा नाही."

"आणि नाही पडला तर माझी," आत्या म्हणाली. "कारटे, उभी राहा इथे."

मी तिच्या कोपराशी उभी राहिले. तिनं इस्त्री उचलली आणि थरथर थांबली. आधी कॉलर, मग कफ, मग बाह्या. सगळं सावकाश. बँडमास्तर उगाचच घड्याळाकडे बघत होते. पाठीवर निम्म्यात आल्यावर आत्याचा हात अडला. पुढे जाईना, मागे येईना. ती हाताकडे असं बघत होती, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मला वास आला, अगदी बारीक, तापलेल्या धुळीसारखा.

"उचल!"

तिनं डाव्या हातानं उजव्याला धक्का दिला. इस्त्री वर आली.

बाबा पुढे आले. त्यांनी शर्ट उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, डोळ्यांजवळ नेला. डाग सापडला नाही, तेव्हा परत टेबलावर पसरला. आत्यानं राहिलेली पाठ पूर्ण केली, शर्टात पुठ्ठा घातला आणि घडी घातली.

"ही तरी बरोबर बसली," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आता कसला वास येतोय?"

"कसलाच नाही."

"मलाही," आत्या म्हणाली, आणि बाबांनी गठ्ठ्यातला पुढचा शर्ट तिच्यापुढे ठेवला.