टीव्हीतल्या आ-होकदादांचा नकार

त्या संध्याकाळी तैवानातल्या लुकांगच्या आमच्या गल्लीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. आ-होकदादांच्या घरात मासेवाल्या, मंदिरातले ढोलवाले, शेजारीपाजारी हातात उदबत्त्या घेऊन टीव्हीसमोर उभे होते. दादांना जाऊन दोन महिने झाले होते आणि दादा रोज टीव्हीत येत होते!

"ये, आ-होक, ये!" अंगात आलेले कुन बाबा भरजरी एप्रन बांधून थरथरत होते. "सांग, तुझ्या लेकीनं, वान-निंगनं, त्या झे-रुईशी लग्न करावं का?"

टीव्ही आपोआप लागला. पडद्यावर साक्षात दादा! त्यांनी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, नाही!

"अगं बाई!" मासेवाली किंचाळली.

"आवाज का येत नाही?" मी विचारलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे अशा ठिकाणी मला कोणी आपण होऊन बोलावत नाही.

"आत्म्याला वाचा नसते, मास्तर!" बाबा डोळे मिटूनच खेकसले.

"पण मान असते?"

"गप्प बसा हो!" चारी बाजूंनी ओरडा झाला.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे बाप गेला की मुलांची लग्नं शंभर दिवसांत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. वान-निंगची तारीख पुढच्याच आठवड्यात होती. बाबांनी दुसरा नवरा मुलगाही सुचवला होता, त्यांचा सख्खा भाचा, जो सुपारीच्या टपरीत दिवसभर घोरतो. दादांच्या पत्नी आ-ग्योकवहिनी पार डळमळल्या होत्या आणि पोरीचे डोळे रडून सुजले होते. माझं डोकं संतापानं फुटायची वेळ आली होती.

रिमोट वहिनींनी देव्हाऱ्यात कुलपात ठेवला होता, म्हणून सगळ्यांची खात्री पटलेली. माझं लक्ष होतं टीव्हीखालच्या बॉक्सकडे. दादांना त्याचं भारी वेड. घरातला एकूण एक वाढदिवस त्यांनी हार्ड डिस्कवर भरून ती बॉक्सला जोडून ठेवली होती. बॉक्स शहाण्यासारखा चालावा म्हणून वर हिरव्या पुडीतला खाऊही होता, आमच्याकडे सगळ्याच यंत्रांवर ठेवतात. बाबांचा हात एप्रनखाली गेला की डिस्कचा दिवा लुकलुकायचा आणि मगच दादा यायचे. स्वर्गातून येणाऱ्याला वायर कशाला हवी?

दुखवट्याला येणाऱ्यांसाठी वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला होता. बाबाही तेव्हा इथेच मुक्काम ठोकून होते. मी फोनवर त्या बॉक्सचं रिमोटचं ॲप घेतलं आणि दादांचा तोच व्हिडिओ शोधून काढला.

"वहिनी, मी काही विचारू का दादांना?"

"विचारा की, भावजी."

"दादा, कुन बाबांच्या भाच्याला मुलगी द्यायची का?" मी फोनवर अंगठा दाबला. नाही, नाही, नाही!

बाबांची थरथर थांबली. त्यांनी एक डोळा उघडला.

"दादा, कुन बाबा खरे आहेत का?"

नाही, नाही, नाही!

"अहो दादा, या ढोलवाल्याला ताल कळतो का?" मासेवालीनं हात धुऊन घेतले. नाही! "आणि हिचे मासे ताजे असतात का?" ढोलवाल्यानं उट्टं काढलं. नाही! हसून हसून लोकांच्या उदबत्त्या एकमेकांच्या शर्टाला लागायला लागल्या.

"दुसरं भूत शिरलंय!" बाबा ओरडले आणि त्यांनी उडी मारली. एप्रनखालून त्यांचा फोन घसरून फरशीवर पडला. पडद्यावर तेच ॲप!

"भूत नाही, व्हिडिओ आहे," मी म्हणालो. "आता आवाजासकट, पहिल्यापासून बघा."

पडद्यावर दादांचा साठावा वाढदिवस सुरू झाला. एक हात त्यांच्यापुढे शेवयांचा वाडगा धरत होता. "नको गं, पोट फुटेल माझं!" दादा मान हलवत होते. नाही, नाही, नाही! शेजारी झे-रुई दादांच्या ताटलीतले शिंपले मटकावत होता आणि दादा त्याला आणखी वाढत होते.

"तो माझा हात आहे," वहिनी म्हणाल्या. आधी त्या हसल्या, मग त्यांनी बाहीनंच डोळे पुसले.

बाबा मागच्या दाराकडे सरकत होते. ढोलवाल्यांनी वाट अडवली.

"लोकहो," मी म्हणालो, "चमत्कार दिसला की आधी विचारा, चालवतो कोण? आणि आवाज बंद का?"

वहिनी वान-निंगचा हात धरून उभ्या राहिल्या. "हे जिवंत होते तेव्हा मला शंभरदा म्हणाले, पोरगा चांगला आहे. चाळीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याचं सोडून मी डब्याचं ऐकलं. लग्न ठरल्या दिवशीच होईल."