पाच वॅटचा डबा

जालिंदरमामांनी माझा गिटारचा अ‍ॅम्प एका हातावर तोलला आणि पोट धरून हसले. "ह्यो टिफिन घिऊन वडगावला येनार व्हय गं? जयंतीला हजार मानूस आसतंय!"

अ‍ॅम्प लहानच होता. पाच वॅटचा, व्हॉल्व्हचा. पण त्यातला ट्रान्सफॉर्मर माझ्या आप्पांनी स्वतः तार गुंडाळून भरला होता. शिरूरला त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. हात थरथरत असताना त्यांनी तेवढं एक काम पुरं केलं, आणि महिन्याभरात गेले. म्हणून मामांच्या गायन पार्टीत गिटार वाजवीन ती याच डब्यावर, हा माझा हट्ट.

मामांच्या डीजेच्या सामानात चार स्पीकरचं एक मोठं कॅबिनेट होतं. त्याचे नि माझ्या अ‍ॅम्पचे ओहम जुळत होते. वायर जोडून मी तारा छेडल्या आणि मामांचं हसू जागीच थांबलं. "आयला! येवढ्याशा डब्यातनं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं, की असा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प चालू असताना स्पीकरची वायर काढायची नसते, आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. पण आत्ता कुठे त्यांनी डब्याला मान दिला होता. लगेच त्याचं नाजूकपण कशाला सांगू? गप्प बसले. शहाणी मी!

वडगाव रासाईला तिसऱ्या गाण्यातच आनंदराव आले. सोसायटीचे चेअरमन. ते आले की आवाज बंद, मग गाणं कुणाचंही असो. मामांनी बारा वर्षांच्या सवयीने स्टेजमागून कॅबिनेटची वायर उपसली. ढोलकी अजून चालूच होती. मला मागचं काही दिसलं नाही; वाटलं, माझाच आवाज पडला. मी व्हॉल्यूम पुरा फिरवला आणि जीव खाऊन तारा झोडल्या.

मग डब्यातून जळक्या वार्निशचा वास आला.

सत्कार झाला, भाषण झालं. मामांनी वायर पुन्हा खोचली. डब्यातून हूं की चूं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुज्या आप्पाचा, ज्ञानदेवचा हात शेवटी चालत नव्हता, पोरी. वायंडिंग कच्चं ऱ्हायलं आसंल. त्याला काय इलाज?"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण वायरचं त्यांना ठाऊक नव्हतं, मला होतं. खरं सांगायचं तर चूक माझी आहे, हे आधी सांगावं लागलं असतं. आजूबाजूला सगळी पार्टी उभी होती.

"व्हय मामा," मी म्हणाले. "आप्पांचंच काम कच्चं."