चारशे बारावं पान

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वकीलबाईंनी जुन्या निकालांचा जाडजूड सातवा खंड न्यायाधीशांपुढे ठेवला. रुग्णालयाने कामावरून काढलेल्या परिचारिकेला नोकरी परत मिळणार का, हे आज ठरायचं होतं. रुग्णालयाचे वकील म्हणजे बाईंचे सख्खे काका. त्यांची सगळी मदार याच खंडातल्या चारशे बाराव्या पानावरच्या निकालावर होती.

"साहेब, या खंडाला पानंच तीनशे अठ्ठ्याऐंशी आहेत," बाई म्हणाल्या.

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. काकांनी शेवटचं पान दोनदा पाहिलं. निकाल एआयने सुचवला होता आणि त्यांनी पुस्तक उघडलंच नव्हतं. बाई मात्र कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. गुरू समोरच उभा होता.

"पुस्तक उघडल्याशिवाय दाखला द्यायचा नाही, हे मला कोणी शिकवलं, काका?" त्या हळूच म्हणाल्या.

"मीच, बये. आता कान पकडू का?"

काकांनी दाखला मागे घेतला. बाकीचा युक्तिवाद ऐकून न्यायाधीश म्हणाले, "निकाल चार वाजता."

बाहेर परिचारिकेने विचारलं, "ताई, जिंकलो ना?"

"त्यांचा मोठा आधार गेला. आपली कागदपत्रं भक्कम आहेत. चल, चहा घेऊ."

चार वाजून वीस मिनिटं झाली, तेव्हा न्यायाधीशांच्या दालनाचं दार बंदच होतं.